‘चरबीचा काय संबंध?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक मधुमेही वाचक’ यांस,

चरबीत तयार होणारी अ‍ॅडिपोनेक्टिन, लेप्टिन ही संप्रेरकं डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “बारीक माणसाचेही डोळे जातात, मग चरबीचा काय संबंध? साखर सांभाळा, पुरे. रेटिनोपथीच्या (मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडण्याच्या) रुग्णांत अ‍ॅडिपोनेक्टिन उलट जास्त सापडतं, ते सोयीस्कर गाळलंत. डॉक्टर नसताना लोकांना घाबरवायचे धंदे बंद करा.”

‘धंदे’ हा शब्द लागला. या लेखनातून मला एक रुपया मिळत नाही. मतभेद असू द्यात, पण टोपणनावाआडून कुणाच्या हेतूवर शिंतोडे उडवणं मला पटत नाही. शीर्षक भडक झालं होतं हे मान्य, ते बदललंय.

आता बारीक माणसाचं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! वजनकाट्यावर आपण भारतीय बारीक दिसतो, चरबी मात्र पोटात दडलेली असते.

आणि ती चरबी नुसती पडून राहत नाही. पोटातली चरबी वाढते तसं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातली सूज आटोक्यात ठेवणारं हे संप्रेरक. ते ज्यांच्यात तयारच होत नाही अशा उंदरांच्या पडद्यावर, प्राणवायू कमी-जास्त करण्याच्या प्रयोगात, नको त्या नव्या वाहिन्या जास्त उगवल्या. लेप्टिनचं उलट: चरबी वाढली की ते वाढतं. 1998 मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांच्या (रॅट) कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, लेप्टिन ठेवल्यावर तिथे नव्या वाहिन्या उगवल्या. मधुमेहात पडद्यावर उगवणाऱ्या अशाच नाजूक वाहिन्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. हा संबंध नाही तर काय?

माझ्या आईचं वजन कधी पन्नाशीपार गेलं नाही. हातपाय काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. “तुम्ही बारीक आहात, तुम्हाला काय होतंय,” असं तिला एका दवाखान्यात सांगितलं गेलं, पडदा तपासायला कुणी पाठवलंच नाही. पुढे दोन्ही डोळ्यांना लेझर करावं लागलं. लेझरनंतर तिला हाताला धरून रिक्षापर्यंत मीच आणायचो. बारीक माणसाचे डोळे कसे जातात हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

साखर सांभाळावीच, लेखातही तेच आहे. अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त सापडण्याचं म्हणाल, तर मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं, आणि रेटिनोपथीच्या कितीतरी रुग्णांचं मूत्रपिंडही बिघडलेलं असतं. त्यावर यापेक्षा जास्त खल करायची मला गरज वाटत नाही.

यापुढे स्वतःच्या नावाने लिहा. निनावी शेरे मी प्रसिद्ध करणार नाही.