‘रोटरी बसवा, कातारी विसरा’ या मजकुराचा प्रतिवाद

सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागातील फर्निचर व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आहे. रोटरी असलेले सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणारे यंत्र, घरी जोडल्यास विकतच्या निम्म्या पैशात होते, ते घरच्या वीजजोडणीवर चालते, त्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि एकदा लाकूड बांधले की लाटण्यापासून देव्हाऱ्याच्या खांबापर्यंत व खांबापासून मूर्तीपर्यंत सर्व काही यंत्र आपोआप करते, त्यामुळे कातारी (खरादावर लाकूड गोल उतरवणारा कारागीर) आणि नक्षीकार ठेवण्याची गरज उरत नाही, असा त्याचा आशय आहे. ओळखीतील काही तरुण त्याच्या भरवशावर कर्ज काढायला निघाले आहेत, म्हणून त्यातील विधाने तपासणे भाग आहे. शेवटचे विधान आधी घेतो, कारण बाकीचा हिशेब त्याच्यावरच उभा आहे.

रोटरी म्हणजे डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली या तीन अक्षांच्या जोडीला लाकडाला स्वतःभोवती फिरवणारा चौथा अक्ष. बिट, म्हणजे कापणारे फिरते पाते, वरून खाली येते आणि लाकूड त्याच्याखाली फिरते. देव्हाऱ्याचा १०० मिमी व्यासाचा आणि ६०० मिमी लांबीचा वेलबुट्टीचा खांब घेतला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे १,८८,५०० चौरस मिमी भरतो. ६ मिमीच्या गोल टोकाच्या बिटाने ०.६ मिमी अंतरावर फेऱ्या मारायच्या म्हटल्या, तर बिटाचा एकूण प्रवास ३१४ मीटर होतो आणि मिनिटाला ३ मीटर हा वेग सतत मिळाला तरी त्याला पावणेदोन तास लागतात. हा वेळ केवळ शेवटच्या फेरीचा आहे. आधी जाडसर कापून घेण्याचा वेळ वेगळा. नक्षीच्या खांबासाठी हा सौदा वाईट नाही, कारण छिन्नीने त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो आणि चारही खांब हुबेहूब सारखे उतरवणे चांगल्या कारागिरालाही जड जाते. पण साधे लाटणे किंवा पलंगाचा नक्षी नसलेला पाय कातारी खरादावर काही मिनिटांत उतरवतो आणि तिथेच पॉलिशपेपर लावून हातावेगळाही करतो. लाटण्यांसाठी रोटरी घेणाऱ्याने हा हिशेब कर्जाच्या अर्जाआधी करावा.

मूर्तीचे विधान तर साफ चुकीचे आहे. चार अक्षांच्या यंत्रात लाकूड फिरते, परंतु बिट कलत नाही. ते नेहमी वरून सरळच येते. त्यामुळे छातीजवळ दुमडलेल्या हातामागची पोकळी किंवा वस्त्राच्या घडीखालची जागा अशा आत वळलेल्या भागांपर्यंत ते पोहोचत नाही. विठ्ठलाचे कटीवरचे हात घ्या: कोपर आणि कंबर यांच्यामधली फट समोरून उघडी असल्याने ती मिळते, पण मनगटामागे जे लपते ते छिन्नीनेच मोकळे करावे लागते. शिवाय प्रत्येक वस्तूची दोन्ही टोके चक (लाकूड पकडून फिरवणारा जबडा) आणि टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) यांमध्ये अडकलेली असतात. ती नंतर कापून हातानेच साफ करावी लागतात. चादरीची नक्षी जकार्ड मागाच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांत असली तरी तुटलेले सूत जोडायला मागापाशी माणूस लागतोच, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

आता निम्म्या पैशाचा दावा. रेल, बॉलस्क्रू, मोटर आणि स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) यांच्या किमतींची बेरीज करून तो केलेला दिसतो. त्यात व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारे उपकरण), केबल चेन, शिल्डेड केबल, कोलेट (बिट धरणारी पकड), चक, टेलस्टॉक, धूळ ओढणारे यंत्र आणि पहिल्या महिन्यात मोडणारी बिटे धरलेली नाहीत. तरीही पैशापेक्षा मोठी अडचण उंचीची आहे आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही. १५० मिमी व्यासाचे लाकूड मोकळे फिरायचे असेल, तर रोटरीचा मध्य बेडपासून (यंत्राच्या सपाट तळापासून) किमान ८५ मिमी उंच हवा. म्हणजे लाकडाचा माथा १६० मिमीवर जातो. कोलेटखाली बिट ६० मिमी लोंबत असेल, तर कोलेट बेडपासून २२० मिमीच्याही वर उचलता आले पाहिजे. प्लाय आणि एमडीएफचे पत्रे कापण्यासाठी आखलेल्या सांगाड्यात गँट्रीखाली (स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाखाली) एवढी जागा सहसा नसते. मग बेडची एक कड कापून रोटरी खाली बसवावी लागते, किंवा गँट्री उंच करावी लागते. आणि गँट्री उंच केली की सांगाडा त्या प्रमाणात जड केला नाही तर कडक सागवानात बिट थरथरते आणि नक्षीवर लाटा उमटतात.

जुळवणीचे कामही तितकेच नाजूक आहे. टेलस्टॉक अर्धा मिमी उंच बसला, तर खांबाच्या त्या टोकाचा व्यास १ मिमीने कमी भरतो. रोटरीच्या गिअरमध्ये पाव अंशाची ढिलाई राहिली, तर १०० मिमी व्यासावर ती ०.२ मिमीपेक्षा जास्त होते आणि पानांच्या कडा दुहेरी दिसू लागतात. चकमध्ये सरळ रॉड धरून त्यावर डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) टेकवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सरकवायचे, मग रॉड अर्धा फेरा फिरवून पुन्हा सरकवायचे, असे करत पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून ही जुळवणी होते. ज्याला हे काम आवडते त्याने यंत्र अवश्य बांधावे. त्याच्याइतके आपले यंत्र कोणालाच कळणार नाही. मात्र तो शिकण्याचा खर्च आहे, बचत नव्हे. शिवाय बँक यंत्रासाठी कर्ज देते ते विक्रेत्याचे कोटेशन आणि जीएसटीचे बिल पाहून; सुट्या भागांच्या पावत्यांवर तसे कर्ज मिळवणे कठीण असते.

घरच्या विजेचे विधान अर्धे खरे आहे. २.२ किलोवॉटचा स्पिंडल सिंगल फेज घेणाऱ्या व्हीएफडीवर चालतो. ४०० हर्ट्झवर तो मिनिटाला २४,००० फेरे घेतो. त्याच्या जोडीला धूळ ओढणारे यंत्र आणि मोटरी धरल्या की भार चार किलोवॉटच्या पुढे जातो, तेव्हा मंजूर भार आधी पाहावा आणि घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवण्यापूर्वी महावितरणकडे दरवर्गाची चौकशी करावी. अर्थिंग कच्चे असेल, तर व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटाने लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाशी यंत्र थांबवणारी बटणे) कारण नसताना लागतात आणि काम अधेमधे थांबते. वीज गेली की त्याहून मोठा घोळ होतो. बाकीचे तीन अक्ष लिमिट स्विचवर जाऊन आपले शून्य पुन्हा शोधतात, पण रोटरीला बहुधा तसा स्विचच नसतो; मोटरची पकड सुटते, लाकूड किंचित फिरते आणि अर्धी झालेली नक्षी पुढच्या अर्ध्या नक्षीला जुळत नाही. यावर साधा उपाय म्हणजे चकवर आणि त्याच्या स्थिर भागावर समोरासमोर एकेक बारीक रेघ कोरून ठेवणे आणि काम नेहमी त्या रेघा जुळवूनच सुरू करणे. राहत्या घरातल्या धुळीबद्दल एवढेच सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

सॉफ्टवेअर फुकट मिळते हे लिनक्ससीएनसीसारख्या नियंत्रण प्रणालीपुरते खरे आहे. जीआरबीएल या दुसऱ्या मोफत प्रणालीची मूळ आवृत्ती मात्र तीनच अक्ष चालवते. ऑटोडेस्कच्या फ्युजन ३६० या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या वैयक्तिक मोफत आवृत्तीतून चार अक्षांचे टूलपाथ (बिटाच्या मार्गाची आखणी) २०२० मध्ये काढून टाकले गेले. आर्टकॅम या नक्षीच्या सॉफ्टवेअरची विक्री ऑटोडेस्कने २०१८ मध्ये थांबवली, त्यामुळे पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी प्रत कोणत्या मार्गाची आहे ते उघड आहे. फुकट मार्गाने फाइल तयार झाली तरी वेगाचा प्रश्न राहतो: १०० मिमी व्यासावर एक अंश म्हणजे ०.८७ मिमी, तर २० मिमी व्यासावर केवळ ०.१७ मिमी. वेग अंशांत बांधलेला असेल, तर सुरूदार खांबाच्या बारीक गळ्याशी बिट रेंगाळते, लाकूड जळून काळे पडते आणि तो डाग पॉलिशखालीही दिसतो. व्यासाप्रमाणे वेग बदलणारा पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाग) आहे का, हे म्हणून आधी विचारावे.

लाकडाचा मजकुरात विचारच नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असताना न रापलेला (नीट न वाळलेला) किंवा मधोमध गाभा असलेला ठोकळा रोटरीवर चढवला, तर तो खांब होऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर उलतो. रापलेल्या फळ्या चिकटवून केलेला ठोकळा त्यापेक्षा भरवशाचा असतो.

तयार यंत्र घेणाऱ्याने विक्रेत्याचा व्हिडिओ पाहून पूर्ण पैसे देऊ नयेत. आपलेच सागवान घेऊन जावे, पूर्ण लांबीचा १०० मिमी व्यासाचा गोल उतरवून घ्यावा आणि दोन्ही टोकांना व मध्ये कॅलिपरने व्यास मोजावा. मग चकवर खूण करून रोटरीला दहा पूर्ण फेरे पुढे आणि दहा मागे द्यायला सांगावे. खूण जागेवर परतली नाही, तर ती दुरुस्त होईपर्यंत उरलेली रक्कम हातात ठेवावी.