ब्रेक उतरवल्याने रोड सायकलची ट्रॅक सायकल होत नाही

फुटाळा आणि सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर पहाटे सायकल चालवणाऱ्या नागपूरकरांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा, की ट्रॅक शर्यतीच्या, म्हणजे उतरत्या कडांच्या बंदिस्त लंबगोल धावपट्टीवरच्या शर्यतीच्या, सायकलला ना ब्रेक असतो ना गिअर, लाखो रुपये जातात ते केवळ वजन घटवण्यासाठी, आणि रोड सायकलचे (रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकलचे) ब्रेक-गिअर उतरवले की तीच सायकल घरच्या घरी तयार होते. ब्रेक-गिअर नसतात हे खरे आहे. बाकीचे चूक आहे आणि शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

वजनाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालतच नाही, आणि महागड्या रोड सायकली ब्रेक-गिअरसह ही मर्यादा गाठतात. ट्रॅकवर पैसा खर्च होतो तो हवेशी झुंजण्यावर. वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. म्हणूनच आऱ्यांऐवजी बंद चकतीची चाके येतात. छताखालच्या ट्रॅकवर आडवा वारा नसल्याने परस्यूट शर्यतीत (ट्रॅकच्या दोन विरुद्ध बाजूंनी सुटून घड्याळाशी झुंजण्याच्या शर्यतीत) पुढचे चाकही चकतीचे बसवता येते. ट्रॅकवर वळायचे ते नेहमी डावीकडेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकी महिला संघाने तर याचाच फायदा घेण्यासाठी एरवी उजवीकडे असणारी चेन आणि तिचे दातेरी चक्र डाव्या बाजूला बसवलेल्या सायकली वापरून परस्यूटचे रौप्यपदक जिंकले. किमतीत नावाचाही वाटा असतो हे मी मान्य करतो; नवशिक्याला ॲल्युमिनियमची फ्रेम पुरेशी आहे.

आता ब्रेक उतरवण्याविषयी. ट्रॅक सायकलला फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवले तरी चाक मोकळे फिरू देणारी यंत्रणा, नसते. मागचा दातेरी कॉग चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, घट्ट आवळलेला असल्याने चाक फिरते तोवर पेडलही फिरते आणि वेग पायांच्या उलट दाबाने कमी करता येतो. त्या दाबाने कॉग सैल होऊ नये म्हणून त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे त्याला जागेवर धरणारी कडी, असते. कॉग उलटा फिरू पाहतो तेव्हा ती अधिकच आवळली जाते. चेनचा ढिलेपणा काढायला डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) नसतो, म्हणून फ्रेममधली मागच्या चाकाची खाच मागे उघडते आणि चाक मागे ओढून चेन ताणता येते. आधुनिक रोड फ्रेममध्ये ही खाच बहुधा उभी असते. शिवाय ट्रॅकच्या मागच्या हबची रुंदी १२० मिलिमीटर, तर रिम-ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) रोड सायकलची १३०. उतरत्या ट्रॅकवर पेडल घासू नये म्हणून क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) आसही अधिक उंचावर ठेवलेला असतो.

यातले काहीही न बदलता फक्त ब्रेक काढले, तर फ्रीव्हील मोकळेच फिरत राहते आणि पाय थांबवूनही सायकल थांबत नाही. ज्या मुलांनी तो मजकूर वाचून ब्रेक उतरवले आहेत, त्यांनी रिंग रोडवर जाण्याआधी ते परत बसवून घ्यावेत. अस्सल ट्रॅक सायकलच्या पुढच्या चिमट्याला तर बऱ्याचदा ब्रेक बसवायला छिद्रही नसते. ती रस्त्यावर आणूच नये.