गणित सोडून जर्मन? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, पुढच्या महिन्यापासून हिला तुझ्याकडे गणिताला नाही पाठवत. जर्मनच्या क्लासला घालतेय." भाची नववीत आहे, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सीबीएसई शाळेत. सहामाहीला गणितात ८० पैकी ४३ आले होते, पण एवढ्यावरून क्लास बंद करायला माझी बहीण काही भोळी नाही. मग हळूच निघालं की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. तो तिने मला पाठवला. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला, त्यातल्या एक तर माझ्या विद्यार्थ्याच्या आई.

मी नौपाड्यात अठरा वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते. "तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलता" असं कुणी म्हणायच्या आत सांगते, भाचीकडून मी एक रुपया घेत नाही.

मेसेजचा सारांश असा: गणित हे डाव्या मेंदूचं काम, भाषा उजव्या मेंदूचं. ज्या मुलाला आठवीपर्यंत गणितात सत्तर टक्के पडत नाहीत त्याचा उजवा मेंदू तेज असतो, त्याला गणितात रगडणं म्हणजे छळ. अशा मुलाचं गणित 'बेसिक' करा, म्हणजे दहावीला सोपा पेपर घ्या, शिकवणी बंद करा आणि फ्रेंच किंवा जर्मन लावा, शंभरपैकी शंभर पडतात. फिनलंडने तर गणित हा विषयच काढून टाकला. आणि जर्मन आलं की जर्मनीत शिक्षण फुकट.

सगळ्यात आधी मेंदू, कारण पोराच्या कपाळावर शिक्का मारणारा मुद्दा तोच आहे. भाषा उजव्या मेंदूत असते हे लिहिणाऱ्याने कुठून आणलं? पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत इजा दाखवली ती डाव्या बाजूला. बहुतेक माणसांत भाषेचा मोठा भार डावीकडेच असतो, हे तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे ज्या 'डावा-उजवा' समजुतीवर हा मेसेज उभा आहे, तिच्यातही गणित आणि भाषा एकाच बाजूला बसतात!

मुळात माणसं डाव्या मेंदूची किंवा उजव्या मेंदूची असतात हेच खरं नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षं वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूचे स्कॅन तपासले आणि २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे त्यांना दिसलं, पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू जोरात चालतो असं दिसलं नाही. त्यातली कितीतरी आपल्या शाळकरी पोरांच्या वयाची होती. आता सांगा, आठवीच्या प्रगतिपुस्तकावरून 'उजव्या मेंदूची' ठरवायची ती कुठल्या आधारावर?

भाचीचं नेमकं काय अडलं होतं तेही सांगते, कारण हा मेसेज वाचल्यावर मी तिची वही पुन्हा काढून बसले. गणित नेहमीचं: दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते, तर मूळ संख्या कोणती? तिने दशकाला एक्स धरलं, एककाला वाय धरलं आणि संख्या म्हणून 'एक्सवाय' लिहून मोकळी झाली. बीजगणितात एक्सवाय म्हणजे गुणाकार. पुढे सगळं चुकत गेलं. पण समीकरण मी मांडून दिलं की दोन मिनिटांत सोडवते. म्हणजे तिचं अडत होतं वाक्याचं समीकरण करताना. हे भाषेचं काम आहे हो, आणि गणित बंद करून ते येणार नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानावर तिने शाळेतल्या जर्मनचे आकडे लिहिले होते. सत्तावीसला 'झीबेन-उंड-त्स्वानत्सिग', शब्दशः 'सात आणि वीस'. इंग्रजीत ट्वेंटी-सेव्हन म्हणायची सवय असल्याने तिला हे उलटं वाटत होतं. माझी आई बाजूला वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, "त्यात उलटं काय? सत्तावीस म्हणजे सात आणि वीसच की." भाची क्षणभर आईकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मावशी, म्हणजे यात आणि आहे. अधिक." मी काहीच बोलले नाही. तिने एक्सवाय खोडलं आणि लिहिलं: दहा एक्स अधिक वाय. उलट संख्या दहा वाय अधिक एक्स. वजाबाकी केली, अंकांतला फरक ३ आला, बेरीज ९ होतीच. उत्तर ३६. ताळा तिनेच केला, ६३ वजा ३६, सत्तावीस.

हे मेसेजवाल्याने बघायला हवं होतं. जर्मनमुळे तिचं बीजगणित सुटलं, आणि तो सांगतोय दोन्हींतलं एक निवडा.

आकड्यांच्या नावांमुळे मुलं अडतात, हे मात्र खरं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जीव तोडून सांगत होत्या की उलटा क्रम आणि जोडाक्षरं यांनी लहान मुलं अडखळतात. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आज निम्मं पटतं. फ्रेंच घेणाऱ्यांनी तर नव्वदचं नाव बघावं, 'चार-वीस-दहा' असं आहे ते. पण यातून निघतं काय? गणित आणि भाषा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, एवढंच.

आता मार्क. फ्रेंच-जर्मनला मार्क सुटतात, मान्य. नववी-दहावीचा अभ्यासक्रम सोपा असतो, प्रश्न ठरावीक असतात, घोकलं की पंचाण्णव पडतात. तेवढ्यासाठी घेत असाल तर घ्या, मी अडवणार नाही. पण 'बेसिक' गणिताबद्दल जे लिहिलंय ते पालकांना फसवणारं आहे. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर केले, अभ्यासक्रम मात्र एकच ठेवला. वर्गात दोघांना तेच शिकवतात, फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी असते. म्हणजे बेसिक घेतलं म्हणून शिकवणी बंद करता येईल असं काही नाही.

फिनलंडवर वेळ घालवत नाही. तिथे २०१६ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, त्यात वर्षातून किमान एक तरी अनेक विषय एकत्र करून शिकायचा भाग हवा असं आहे. गणित होतं तिथेच आहे.

जर्मनीच्या 'फुकट'वर मात्र बोलायलाच हवं, कारण यासाठी लोक कर्ज काढतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. आणि आपल्या बारावीवर बऱ्याच मुलांना पदवीला थेट प्रवेश मिळत नाही, आधी 'श्टुडिएनकोलेग' नावाचं साधारण वर्षभराचं पूर्वतयारीचं शिक्षण घ्यावं लागतं. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांचा तिथला टी-कोर्स. त्याच्या प्रवेशपरीक्षेला साधारणपणे दोन विषय असतात: जर्मन आणि गणित. ज्या पोराला जर्मनीला पाठवायचं म्हणून तुम्ही गणित सोडायला लावलंत, ते तिथल्या दारातच गणितात अडकणार आहे. आणि शाळेतल्या दोन वर्षांच्या जर्मनवर जर्मन माध्यमाची पदवी झेपत नाही. त्यासाठी बहुधा सी-वन पातळी (भाषेच्या सहा पातळ्यांतली वरून दुसरी) मागतात, ती शाळेच्या कितीतरी पुढची आहे.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत." त्या अंगठ्यांखाली हे टाक, असं तिला सांगितलंय. भाची शनिवारपासून परत येतेय. जर्मनची वहीही घेऊन ये म्हटलंय, कारण पुढचं गणित वयांचं आहे आणि 'पाच वर्षांपूर्वी'चा वजा कुठे लिहायचा यावर ती अजून अडते.