फळा धुवायला पाणी आलं

सकाळपासून डोकं तडकलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

माझा भाचा ॲनिमेशन शिकतो. एकोणीस वर्षांचा आहे. तीन आठवडे रात्री जागून त्याने २२ सेकंदांची फिल्म केली. सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे २६४ चित्रं, सगळी हाताने काढलेली. रस्त्यातल्या एका खड्ड्याचा दर जूनमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. दरवर्षी खड्डा मोठा, हारही मोठा. शेवटी शाल घालायला वाकलेला माणूस आत पडतो आणि खड्डा ती शाल स्वतःच अंगावर ओढून घेतो. बस्स. ना पक्ष, ना झेंडा, ना नाव. त्या माणसाला पोराने नाक-डोळेसुद्धा काढले नव्हते.

आज सकाळी त्याने ती हौसेने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत सेक्रेटरींचा मेसेज, ‘कृपया ग्रुपवर राजकारण नको.’ खाली जोडलेल्या हातांची ही रांग! चाळीस मिनिटांत पोराने फिल्म काढून टाकली.

चेहरा नसलेल्या माणसात तुम्हाला कोण दिसलं हो?

लालबागला आमच्या चाळीच्या नाक्यावर मंडळाचा फळा होता. माझे वडील, अण्णा, गिरणीतून पहिली पाळी करून आले की चहा घेऊन थेट फळ्यापाशी. रंगीत खडू, जुन्या बनियनचा बोळा, आणि अर्ध्या तासात चित्र तयार. एका उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होते. अण्णांनी कोळिष्टक लागलेला नळ काढला, खाली हंड्यांची रांग, आणि त्याच नळाची फीत कापणारे आमचे नगरसेवक, मिशीसकट. रात्रीत कुणीतरी फळा धुऊन टाकला. सकाळी आम्ही बघायला गेलो तर फळा अजून ओला, खडूचं पांढरट पाणी चौकटीवरून ठिबकत होतं. अण्णा कुणावर ओरडले नाहीत. पानवाल्याचं स्टूल घेऊन फळा सुकेपर्यंत बसून राहिले. मग एकच ओळ लिहिली, ‘फळा धुवायला पाणी आलं. प्यायला कधी येणार?’

अख्खा नाका लोटला होता ती ओळ वाचायला. पाणी लगेच आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण फळा पुन्हा कुणी धुतला नाही.

आणि ही मुंबई आहे. १९५१ पासून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन इथल्याच पेपरात रोज सकाळी काही न बोलता सगळं बघत होता. आज वरळी सी फेसला त्याचा पुतळा आहे, त्याच्या शेजारी उभं राहून आपण फोटो काढतो. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे यांनी ‘मार्मिक’ काढलं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक. सहा वर्षांत त्या रेषांमागून अख्खी संघटना उभी राहिली. पटो न पटो, हे रेषेचं बळ आहे. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी राष्ट्रपतींना बाथटबमधून हात बाहेर काढून वटहुकमावर सही करताना दाखवलं. छापून आलं ते! आणि आम्ही एका खड्ड्याला घाबरतो.

ग्रुपवर एक काकू म्हणतात, ‘कार्टून म्हणजे पोरांचं काहीतरी.’ काकू, पेडर रोडच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून कार्टूनचं वेगळं युनिट होतं. सरकारने कुटुंब नियोजन लोकांच्या गळी उतरवायला हीच कार्टूनं वापरली. सरकार लोकांना शिकवतं तेव्हा ते शहाणपण, आणि आमचं पोर सरकारला काही सांगायला गेलं की पोरखेळ?

ग्रुप पाण्याच्या नोटिशींसाठी असतो, मान्य. काही व्यंगचित्रं नुसती घाणेरडी असतात, कुणाच्या जातीवर, बाईच्या अंगावर, तेही मान्य. आणि भीती अगदीच उगाच नाही. २०१२ साली याच मुंबईत असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांपायी राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. पुढे ते कलम मागे घेतलं, पण पोरांच्या आयांच्या लक्षात अटकच राहते.

पण अण्णांचा फळा पुसायला कुणालातरी रात्री बादली घेऊन, लपतछपत यावं लागलं होतं. आज कोण आलं? कुणीही नाही. ना पोलीस, ना नगरसेवक. आमचा फळा आम्हीच पुसला, सकाळी साडेनऊला, हात जोडून.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्या चाळीस मिनिटांत पोराला फोन मी केला होता. ‘काढून टाक बाळा, उगाच कशाला.’ तो फक्त ‘बरं मावशी’ म्हणाला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. अण्णांच्या सदऱ्याच्या बाहीला कायम खडू लागलेला असायचा, आई धुताना कुरकुरायची. त्या घरातली मुलगी मी, आणि हे वाक्य माझ्या तोंडून आलं.

संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन बसले. त्याने एकेक चित्र पुढे सरकवत दाखवलं. शाल खाली येताना तिची झालर आधी हलते, मग कापड. एवढ्याशा जागेसाठी त्याने ३१ चित्रं पुन्हा काढली होती. मी सॉरी म्हटलं. मग अण्णांच्या फळ्याची गोष्ट सांगितली. त्याला माहीतच नव्हती. आम्ही घरात कधी सांगितलीच नाही.

ही फिल्म माझ्या वॉलवर टाकू का, असं त्याला विचारलंय. विचार करून सांगतो म्हणाला. त्याने हो म्हटलं की इथेच टाकेन, त्याच्या नावासकट. सेक्रेटरी साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, मला माहीत आहे. नक्की बघा.