‘चेंबर पॅकिंग बदललं तरी तेल गळतंच’ या एक स्टारच्या अभिप्रायाला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: बीएमडब्ल्यू 330i चं चेंबर पॅकिंग (चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) बदलायला आम्ही भरमसाट पैसे घेतले, गाडी अडकवून ठेवली, तरी पार्किंगमध्ये पुन्हा तेलाचे डाग पडतायत. आणि दुसऱ्या एका मेकॅनिकच्या मते हेच काम सिलिकॉन लावून दोन तासांत झालं असतं. अभिप्राय सगळ्यांसमोर आहे, म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी डागांचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. पैशांवरून नंतरही भांडता येईल.

तुम्ही टाकलेल्या फोटोत तेल इंजिनच्या पुढच्या टोकाखाली, डाव्या बाजूला पडलंय. चेंबरचं पॅकिंग गेलं की कडेकडेनं ओल धरते, धूळ बसून काळा चिखल होतो आणि थेंब कुठूनही पडतो. तुमचं तेल एकाच जागी, बेल्टच्या बाजूनं उतरतंय. त्या जागेच्या वर अल्टरनेटर आहे आणि त्याच्याही वर ऑइल फिल्टर हाउसिंग, म्हणजे तेलाचा फिल्टर बसतो ते घर. त्याचं रबरी पॅकिंग उष्णतेनं कडक होऊन चपटं होतं. हे इंजिन हलक्या चालीत कूलंट मुद्दाम 100 अंशांच्या वर ठेवतं, त्यामुळे जुन्या गाडीत ही गळती नवलाची नाही. जॉब कार्ड काढून बघा: ‘फिल्टर हाउसिंग ओलं, पॅकिंग बदलावं, ग्राहक नंतर करणार’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. तेव्हा बिल आधीच वाढलेलं, तुम्ही थांबलात, त्यात गैर काही नाही. पण वरून येणारं तेल खालच्या पॅकिंगच्या नावावर लावू नका.

ही गळती अंगावर काढू नका. तेल बेल्टवर पडतं, बेल्ट फुगतो, पुलीवरून घसरतो आणि त्याच्या चिंध्या होतात. या सहा सिलिंडरच्या इंजिनांत त्या चिंध्या पुढच्या क्रँक सीलमधून (क्रँकशाफ्ट बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं रबर) थेट इंजिनात ओढल्या गेल्याची उदाहरणं आहेत. मग त्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि त्या काढायला चेंबर पुन्हा खाली घ्यावं लागतं. म्हणजे ज्या खर्चावर तुम्ही चिडलाय तोच दुसऱ्यांदा, वर बेल्ट आणि सीलचा वेगळा.

आता मजुरी. पॅकिंगची किंमत बिलात पाहिलीत तर ती किरकोळ आहे, पैसा लागतो तो तिथवर पोचायला. या गाडीत चेंबर सरळ खाली येतच नाही, मध्ये सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची आडवी चौकट, येते. इंजिन वरून सपोर्ट बारवर टांगायचं, माउंटिंग सोडायची, स्टिअरिंगचा सांधा सोडायचा, सबफ्रेम खाली उतरवायची, मग कुठे चेंबरच्या सगळ्या बोल्टांना पाना लागतो. परत बसवल्यावर अलाइनमेंट वेगळं.

सिलिकॉनवाल्या दादांबद्दल. बाहेरून लावलेलं सिलिकॉन तेलकट पृष्ठभागावर धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत सोलून निघतं. चेंबर उतरवून पॅकिंगऐवजी भरपूर थापलं, तर आत दाबली गेलेली गोळी सुटून तेलात पडते आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. पत्र्याच्या चेंबरला सिलिकॉनच लावायचं असतं अशी इंजिनं आहेत, तिथे आम्हीही तेच लावतो. हे तसलं नाही. याला पॅकिंग लागतं आणि बसणारी जागा कोरडी लागते.

बोल्टांवरून तुम्ही ‘बोल्टसुद्धा नवे लावून बिल फुगवलं’ असं लिहिलंय. या N52 इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशिअम आणि अॅल्युमिनिअमचा आहे. मॅग्नेशिअमला साधा लोखंडी बोल्ट लावला आणि ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो आणि नुकसान ब्लॉकच्या आट्यांचं होतं. म्हणून कंपनी अॅल्युमिनिअमचे बोल्ट देते. ते एकदाच वापरायचे असतात: आधी हलका टॉर्क, मग 90 अंश फिरवून ताणायचे. ताणलेला बोल्ट पुन्हा ताणला तर डोकं हातात येतं.

तुमच्या गाडीत आधी कुणीतरी मागच्या बाजूला साधे लोखंडी बोल्ट मारले होते. त्यांच्या आट्यांना पिठासारखी पांढरी भुकटी चिकटून आली, तीच तुमच्या ब्लॉकची झीज. एका भोकाचे आटे पूर्ण गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवलं. गाडी जास्त थांबली ती त्यामुळे, आणि त्याचा फोटो तुम्हाला त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. जुने बोल्ट पिशवीत घालून डिकीत, स्पॅनर किटशेजारी ठेवलेत. त्या मेकॅनिकला जरूर दाखवा.

आमचा मुलगा ‘उद्धट बोलला’ असंही लिहिलंय. तुम्ही त्याला ‘तू काय इंजिनिअर आहेस का’ विचारलंत, तो ‘हो’ म्हणाला. तो खरंच आहे, सर.

पैसे परत देणार नाही, कारण केलेलं काम कोरडं आहे असं माझं मत आहे. तपासून खात्री करायची तुमची इच्छा असेल तर तपासणीचा खर्च माझा. इंजिन बाहेरून धुऊ, तेलात रंगद्रव्य टाकू, तुम्ही दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि परत आणा. लिफ्टवर घेऊन निळ्या दिव्याखाली तुमच्यासमोरच पाहू, कुठून चमकतंय ते. चेंबरच्या कडेनं चमकलं तर पॅकिंग, बोल्ट, मजुरी, अलाइनमेंट सगळं आमच्याकडून. हाउसिंगपाशी चमकलं तर त्या पॅकिंगचं जॉब कार्डवर दिलेलं जुनं एस्टिमेटच धरू, वाढवणार नाही.

तोवर एक करा. या गाडीला तेलाची काडी नाही, म्हणून इंजिन गरम झाल्यावर स्क्रीनवर पातळी बघत जा. आणि बॉनेट उघडून टॉर्च मारा, बेल्ट ओला दिसला तर घाटात नेऊ नका. गाडी आणायच्या आदल्या दिवशी फोन करा, लिफ्ट मोकळी ठेवतो. रविवारी बंद असतं.

— गॅरेजमालक, भोसरी