संध्याकाळी सहा ते नऊ

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. यंदा निमित्त भाच्याचे होते. त्याला कला शाखेतच पुढे शिकायचे आहे. काकांचा प्रश्न ठरलेला, "पोटापाण्याचं काय?" मामेभावाने 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला दिला: आता सगळे बहुविद्याशाखीय होणार, गणित घेऊन संगीतही शिकता येणार. दोन दिवस हे चालले. मग डोंबिवलीहून धाकट्या बहिणीने लिहिले, "तुम्ही सगळे त्या पोराचं ठरवताय. ताई, माझं कोण ठरवणार?"

ती अडतीस वर्षांची आहे, बँकेत अधिकारी आहे. मराठी घेऊन एम.ए. करायचे म्हणून तिने एका विद्यापीठात बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव नोंदवले. पुस्तकांचे पुडके घरी आले. रविवारच्या संपर्कसत्रात प्राध्यापकांनी 'महत्त्वाचे प्रश्न' सांगितले आणि मे महिन्यात परीक्षा झाली. वर्षभरात एका कवितेवरही कुणाशी बोलणे झाले नाही. "पास झाले गं, पण शिकले असं वाटत नाही," असे ती म्हणाली. तेव्हापासून तिचे वाक्य माझ्या मनातून हलत नाही, कारण मला लंडनमध्ये नेमके तेच मिळाले जे तिला मिळाले नाही.

मी इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. दिवसाची पाळी संपली की हात धुऊन, भुयारी रेल्वे पकडून मी ब्लूम्सबरीत बर्कबेकला, लंडन विद्यापीठाच्या संध्याकाळी भरणाऱ्या महाविद्यालयाला, जायची. वर्ग सहा ते नऊ. दोन वर्षांची अर्धवेळ एम.ए., विषय व्हिक्टोरियन काळ. पण कादंबरी, चित्रकला आणि इतिहास एकाच टेबलावर ठेवून शिकायचा. वर्गात एक निवृत्त वास्तुरचनाकार होते, एक वकीलबाई होत्या, रात्रपाळीला जाणारा एक सुरक्षारक्षक होता. साडेसातच्या सुट्टीत प्रत्येकाचा डबा निघे, तोच रात्रीचा स्वयंपाक.

एका संध्याकाळी पडद्यावर अजिंठा आला. मी तेव्हाच्या औरंगाबादेत शाळा केली, सहलीला लेण्यांत उभी राहिले होते, गाइडच्या बॅटरीच्या उजेडाचा गोल भिंतीवरून सरकताना पाहिला होता. पण पडद्यावर जे होते ती त्या चित्राची प्रत होती. 1872 पासून 1885 पर्यंत, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या तैलप्रती करून घेत. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. सुमारे तीनशे प्रती झाल्या, त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आल्या आणि 1885 च्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक जळाल्या. त्याआधी अजिंठ्याच्याच चित्रांच्या प्रती करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतीही 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या.

चर्चा साम्राज्य, संग्रह आणि मालकी यांच्याभोवती चालली होती. मग शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की प्रत करताना मूळ चित्र स्पष्ट दिसावे म्हणून भिंतीवर व्हर्निश फासले गेले आणि त्याने मूळ चित्रेच काळवंडली. मी हात वर केला. व्हर्निशमधली राळ हवेतल्या ऑक्सिजनने कशी पिवळी पडते, कठीण होते, वाळताना आकसते आणि खालच्या रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन कशी सुटते, ते मी सांगितले. हे मला कुठल्या साहित्याच्या पुस्तकाने शिकवले नव्हते. वास्तुरचनाकारांनी लगेच गिलाव्याबद्दल विचारले: त्यात भुसा, गवत होते ना, मग ओल कुठे जात असेल? पुढचा अर्धा तास आम्ही एका भिंतीच्या पृष्ठभागावर बोलत होतो, आणि शाळेच्या सहलीत पाहिलेली ती भिंत मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

बहुविद्याशाखीय म्हणजे काय, ते मला तिथे समजले. दोन विषयांची श्रेयांके एका खात्यात जमा केली की ते होत नाही. वेगवेगळ्या कामांत वीस वर्षे घालवलेली माणसे एकाच चित्रासमोर बसावी लागतात. धोरणात विषय एकत्र आणायची तरतूद आहे, 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी आहे. पण नोकरी करणाऱ्या माणसाने वर्गात नेमके किती वाजता बसायचे, हा प्रश्न आपल्या वादात येतच नाही.

इंग्लंड यात पुण्यवान आहे असे मी म्हणणार नाही. अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या 2012 च्या शुल्कवाढीनंतर इथे कोसळली. खुद्द बर्कबेकने 2022 मध्ये मोठ्या नोकरकपातीची योजना मांडली, तेव्हा आमच्याच शिक्षकांची पदे टांगणीला लागली. मला सरकारी कर्ज मिळाले म्हणून जमले. 2016 मध्ये ही योजना आली तेव्हा त्याची मर्यादा दहा हजार पौंड होती, आणि ते पगारातून अजून फिटते आहे. तरीही एक गोष्ट या शहराने दोनशे वर्षे टिकवली. 1823 मध्ये जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकाराने स्ट्रँडवरच्या एका खानावळीत सभा भरली आणि कारागिरांना संध्याकाळी शिकवायचे ठरले. 1830 पासून बायकांनाही प्रवेश मिळाला.

हे आपल्याला परके नाही. बर्कबेकपासून चालत काही मिनिटांवर ब्रिटिश म्युझियम आहे. तिथल्या वाचनालयात बाबासाहेब आंबेडकर तासन् तास बसत. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन ते पुरे करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली, म्हणून 1920 मध्ये ते पुन्हा येऊ शकले. आणि 1946 मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी लवकर ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना कामावर वेळेत पोचता यावे म्हणून. गिरणगावच्या रात्रशाळा आपल्याच. वकिलीच्या सकाळच्या वर्गांना जाऊन मग कचेरी गाठणारी माणसे मुंबईने पिढ्यान् पिढ्या पाहिली. वकिलीसाठी जे सुचले ते कवितेसाठी आणि चित्रासाठी का सुचू नये?

अरुण कोलटकर जेजेत शिकले, जाहिरातीत नोकरी केली आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत कविता लिहिली. दिलीप चित्रे कवी, चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शकही होते. आपल्याकडे हे मिश्रण माणसांत सहज झाले. मात्र विद्यापीठात मराठी विभागाच्या दारातून चित्रकलेच्या दारापर्यंत जायला वाट नाही, आणि असलीच तर ती पाच वाजता बंद होते.

भाच्याने कला शाखा घ्यावी, मी त्याच्या बाजूने आहे. त्याच्या पोटापाण्याची काळजी करणाऱ्या काकांना मी एवढेच लिहिले की अठराव्या वर्षी निवडलेला विषय शेवटचा ठरतो, म्हणून तुमचा जीव इतका टांगणीला लागतो. चाळिशीत पुन्हा वर्गात शिरता येत असेल तर त्या एका निवडीवरचे ओझे कमी होईल.

धाकटीला मी विचारले, काय झाले तर तुला जमेल? तिने उत्तर तयारच ठेवले होते. वर्ग ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात हवा, फोर्टात नको. आठवड्यातून दोन दिवस, साडेसात ते साडेनऊ. चार वर्षे लागली तरी चालेल. आणि वर्गात वीसच माणसे हवीत, म्हणजे प्रत्येकाला बोलता येईल.