आधी हॅपी कोड, मग दुरुस्ती

ग्राहकाचा अभिप्राय हे धंद्याचं धन आहे, असं व्यवसायाच्या प्रत्येक शिबिरात सांगतात. धन म्हटलं की ते मोजायचं, मिरवायचं आणि कुलपात ठेवायचं. वापरायचं नाही, हे ओघानं आलंच. ज्यांना हे अजून नीट जमत नाही त्यांच्यासाठी या काही सूचना. सध्या माझं वॉशिंग मशीन बंद आहे आणि कंपनीच्या नोंदीत मी ‘अत्यंत समाधानी’ ग्राहक आहे. त्यामुळे विषय ताजा आहे.

सर्वप्रथम वेळ साधा. खोकं फोडायच्या आत ‘मिक्सर कसा वाटला?’ असा मेसेज गेला पाहिजे. एकदा का त्यात चटणी वाटली गेली, की माणूस खरं बोलायला लागतो. हॉटेल असेल तर बिलाबरोबर टॅब हातात द्या आणि ज्याला गुण द्यायचेत त्याच वेटरला शेजारी उभा करा.

फॉर्म किमान 24 प्रश्नांचा हवा. प्रत्येक प्रश्नापुढे लाल तारा, म्हणजे एकही सोडता येणार नाही. वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस आवर्जून विचारा. पंख्याच्या दुरुस्तीशी त्याचा काय संबंध, असं विचारणारे असतातच, तिकडे दुर्लक्ष करा. ‘आमच्या तत्पर कर्मचाऱ्यांची सेवा किती आवडली?’ यावर पर्याय तीनच: आवडली, खूप आवडली, अतिशय आवडली. ‘दर आणि दर्जा समाधानकारक होते का?’ असा जोडप्रश्न तर घालाच. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी नेमकं काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही, आणि कळलं नाही की सुधारावंही लागत नाही. मोकळं लिहायची जागा अगदी शेवटी, 100 अक्षरांची.

मग ते शून्य ते दहाचं. ‘तुम्ही आमची शिफारस मित्रांना कराल का?’ फ्रेड रायकेल्ड या सल्लागारानं 2003 मध्ये ही पद्धत मांडली. 9 आणि 10 देणारे तुमचे प्रचारक, 7 आणि 8 देणारे ना इकडचे ना तिकडचे, आणि शून्यापासून 6 पर्यंतचे सगळे निंदक. प्रचारकांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा केले की आला आकडा. दहांपैकी पाच प्रचारक आणि दोन निंदक असतील तर 30. आता आपल्याकडे 60 टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात. एखादे काका ‘चांगलं काम केलंन पोरानं’ म्हणून मोठ्या मनानं 6 देतात आणि त्या पोराच्या खात्यावर एक निंदक चढतो. काकांना हे सांगू नका. पोराला मात्र दटावा, म्हणजे पुढच्या घरी तो काम सुरू करायच्या आधीच ‘फोन आला तर दहाच द्या हं’ म्हणून हात जोडेल. त्यानंतर जे जमतं त्याला सर्वेक्षण म्हणतात.

क्यूआर कोडपुढे आधी दोन चेहरे दाखवा, एक हसरा, एक रडका. हसऱ्यावर बोट ठेवलं की गुगलचं पान उघडावं. रडक्यावर ठेवलं की तुमचा खासगी फॉर्म, जो कुणीच वाचत नाही. खूश गिऱ्हाइकं निवडून त्यांच्याकडूनच रिव्ह्यू मागणं गुगलच्या नियमात बसत नाही, पण नियम वाचतो कोण?

पाच स्टारवर गुलाबजाम फुकट. हेही त्या नियमांत बसत नाही, पण गुलाबजाम चांगले असतात.

रिव्ह्यू विकत घेणार असाल तर हिशेब आधी करा. 200 रिव्ह्यूंची सरासरी 3.8 असेल तर ती 4.2 वर न्यायला ओळीनं 100 पंचतारांकित लागतात. मग ते एकाच आठवड्यात येतात, सगळे ‘नाइस सर्व्हिस’ म्हणतात, आणि तेच सद्गृहस्थ त्याच आठवड्यात लुधियानातलं टायरचं दुकान आणि कोचीतला दातांचा दवाखानाही वाखाणून आलेले असतात. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानक काढलं. ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. ऐच्छिक म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

उत्तरं देताना एकच मजकूर करून ठेवा: ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आपला नोंदणीकृत क्रमांक डीएम करा.’ क्रमांक आला की पुन्हा तोच मजकूर पाठवा.

आता मुख्य कला, हॅपी कोड. तक्रार नोंदवली की ग्राहकाच्या फोनवर चार-सहा आकडे येतात. काम झालं, आपण खूश झालो, की ते टेक्निशियनला सांगायचे. तो ते अॅपमध्ये टाकतो आणि तक्रार बंद होते. कल्पना उत्तम. म्हणूनच ती उलटी वापरायची. टेक्निशियन येतो, मागचं झाकण काढतो, पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, गेलाय म्हणतो, पार्ट स्टॉकमध्ये नाही म्हणतो, आणि झाकण पुरतं लावायच्या आत म्हणतो, ‘कोड सांगा ना, कॉल क्लोज करायचाय.’ बहुतेक ठिकाणी सर्व्हिस सेंटर कंपनीचं नसतं, फ्रँचायझीचं असतं. तिला पैसे मिळतात ते ठरलेल्या वेळेत बंद झालेल्या कॉलचे. दुरुस्त झालेल्या मशीनचे नव्हे, बंद झालेल्या कॉलचे! ‘पार्ट पेंडिंग’ अशी नोंद करायची सोय असली तरी करत नाहीत, कारण घड्याळ चालूच राहतं आणि उशिराचा दंड खाली टेक्निशियनपर्यंत झिरपतो. तो म्हणतो, ‘ताई, कोड नाही दिलात तर माझे पैसे कापतात.’ आणि तो खोटं बोलत नसतो! म्हणजे त्याचा पगार वाचवायचा की आपली तक्रार जिवंत ठेवायची, हे आपण दारात उभं राहून ठरवायचं. दिला कोड, की तक्रार मेली. पुन्हा फोन केला की नवा नंबर, नवी मुदत, नवा माणूस, आणि तो पुन्हा पहिल्यापासून विचारणार, ‘प्लग लावलाय ना नीट?’ वर मुख्यालयात काय दिसतं? दोन तक्रारी, त्यातली एक वेळेत सुटलेली, पाच स्टारसकट. मग रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन येतो: समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. दोन दाबा बघू. ‘धन्यवाद’ म्हणतं आणि फोन कट!

बास. आता सरळच बोलते.

लोकांना मूर्ख समजणं थांबवा. कोड पाठवायचाच असेल तर मशीन एकदा पूर्ण फिरून थांबल्यावर पाठवा, तक्रार नोंदवतानाच नाही. सुटा भाग मागवला असेल तर तो येईपर्यंतचे दिवस टेक्निशियनच्या नाही, तुमच्या गोदामाच्या खात्यावर मांडा. त्याच पत्त्यावरून, त्याच सीरियल नंबरची तक्रार 30 दिवसांत परत आली तर ती जुनीच तक्रार आहे. जुनी उघडा, नवी नोंदवू नका. पहिल्याच फेरीत किती कामं झाली आणि किती परत उघडावी लागली, हे दोन आकडे बघा. स्टार कितीही गोळा केलेत तरी गोदामात पीसीबी नाही हे त्यांतून दिसणार नाही.

प्रश्न दोनच विचारा: काम झालं का, आणि नसेल तर काय राहिलं. तेही दोन-तीन दिवस वस्तू वापरून झाल्यावर. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना नेमकी चूक कोणती, ती कधीपर्यंत निस्तरणार आणि कुणाशी बोलायचं, एवढं लिहा. चारचौघांत ग्राहकाचं बिल आणि पत्ता टाकून भांडू नका, आणि ‘रिव्ह्यू काढा, मग बघतो’ असला सौदा तर मुळीच नको. स्टारवरून कुणाचाही पगार कापू नका. कापलात की खरा आकडा तुम्हाला कधीच दिसणार नाही, हे इतकी वर्षं धंदा करून कळू नये?

आणि आठवड्यातून एकदा मालकानं किंवा शाखेच्या मॅनेजरनं एक स्टार देणाऱ्या तिघांना स्वतः फोन करावा. स्वतःच्या नंबरवरून. 140 ने सुरू होणारा जाहिरातवाल्यांचा नंबर आता कुणी उचलत नाही, आणि ती सवय लोकांना तुम्हीच लावलीत.